माठाला घाम येतो तेव्हा...

जळगावच्या मे महिन्यात सबमिशन, ओरल आणि ऊन या तिन्ही गोष्टी एकदमच डोक्यावर येतात. पारा ४४-४५ च्या आसपास रेंगाळत असतो. भुसावळची मुलं तर ‘आमच्याकडे काल ४६ होतं’ हे मॅचचा स्कोअर सांगावा तशा अभिमानाने सांगतात! अशा दिवसांत घरून आलेला डबा त्याच रात्री संपवावा लागतो (तसा तो दहा मिनिटांतच संपतो म्हणा). सकाळी आणलेली दुधाची पिशवी दुपारी तापवायला घेतली की फाटते. आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं, "फ्रिज नव्हते तेव्हा लोक जगत कसे होते यार?"

प्रश्न चांगला आहे. त्याचं अर्धं उत्तर आपल्याच सिलॅबसमध्ये आहे, रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग या विषयात. उरलेलं अर्धं माझ्या आजीकडे आहे. ती धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात राहते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ‘इव्हॅपोरेशन कॉजेस कूलिंग’ हे वाक्य मी सातवीपासून पाठ म्हणत आलेय. पण घडवंची, शिंकं, दुभतं हे शब्द मला कळले ते इंजिनिअरिंगला आल्यावर, आजीला प्रश्न विचारून विचारून.

आजीचं अहिराणीतलं एक वाक्य आहे, "माठले घाम येस, म्हनीसन पानी थंड ऱ्हास." माठाला घाम येतो म्हणून पाणी थंड राहतं. मी आधी हसले होते. नंतर लक्षात आलं की आमच्या पुस्तकात तीन पानांत जे सांगितलंय ते हिने एका ओळीत सांगितलं.

माठ कमी आचेवर भाजलेला असतो आणि त्याला चकाकी दिलेली नसते. कुंभार मातीत राख किंवा लीद मिसळतो. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात. या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, माठाचा पृष्ठभाग ओला राहतो आणि तिथलं पाणी उडून जातं. उडून जाण्यासाठी पाण्याला उष्णता लागते, ती ते माठातल्या पाण्याकडून घेतं. किती घेतं? एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल. म्हणजे विजेच्या हिशोबात जवळजवळ दोन तृतीयांश युनिट! दहा लिटरच्या माठातलं पाणी १५ अंशांनी उतरवायला ६२८ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात, म्हणजे कागदावर फक्त पाव लिटरच्या थोडं वर पाणी उडालं की काम झालं. प्रत्यक्षात जास्त उडतं, कारण बाहेरची गरम हवा सतत माठाला पुन्हा तापवत असते.

आता खरा फंडा. माठ किती थंड करू शकतो याला एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा माठ ठरवत नाही, हवा ठरवते. लॅबमधला स्लिंग सायक्रोमीटर आठवतोय ना? दोन थर्मामीटर, एकाच्या बल्बला ओला पायमोजा घातलेला. तो गरगर फिरवला की ओल्या बल्बचं तापमान उतरतं आणि एका जागी थांबतं. ते वेट बल्ब तापमान. माठ म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, पोटात पाणी भरलेला एक मोठ्ठा वेट बल्ब आहे. तो वेट बल्बच्या जवळ जाऊ शकतो, खाली जाऊ शकत नाही.

मे महिन्यातली आपली एक दुपार धरू. तापमान ४४, आर्द्रता १५ टक्के. सायक्रोमेट्रिक चार्टवर वेट बल्ब येतं साधारण २३ अंश. बाहेर ४४ आणि माठाला जायची मुभा २३ पर्यंत, म्हणजे २१ अंशांची सूट! मागच्या मे महिन्यात मी रूममधल्या माठात थर्मामीटर बुडवून बघितला होता. बाहेर ४३ असताना आत २७ भरलं. आता जुलै धरा. तापमान ३१, आर्द्रता ८० टक्के. वेट बल्ब २८. सूट फक्त तीन अंशांची. तोच माठ, तेच पाणी, तीच खिडकी, पण मशीन बंद पडल्यासारखं. कारण हवेतच इतकं पाणी आहे की माठाचा घाम वाळत नाही.

म्हणून माठ हा खान्देशचा आहे तसा तो कोकणचा होऊ शकत नाही. रत्नागिरीच्या मुलीला रूममधल्या माठाचं पाणी पहिल्यांदा दिलं तर तिने विचारलं, "यात बर्फ घातलाय का?" कोकणातही माठ असतात, पण तिथे मे महिन्याची हवा समुद्राने आधीच ओली करून ठेवलेली असते. आपल्याकडचं हे जे कोरडं, अंग भाजणारं, ओठ फुटणारं ऊन आहे ना, ज्याला आपण रोज शिव्या घालतो, तेच आपल्या माठाचं इंधन आहे.

आखाजीचा सण आपल्याकडे केवढा मोठा असतो हे सांगायला नको. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज किंवा आंबा ठेवायचा, आमरस-पुरणपोळी करायची. आमच्या घरी त्या दिवसापासून पाण्याचा माठही नवा निघतो. मी हे फक्त धार्मिक समजत होते. पण विचार करा, आपल्याकडचं विहिरीचं-बोअरचं पाणी जड. वर्षभर ते छिद्रांतून झिरपलं की क्षार तिथेच जमतात आणि छिद्रं बुजतात. जुन्या माठावर पांढरे डाग दिसतात ते हेच. असा माठ गळत नाही, पण थंडही करत नाही. आणि नवा माठ घरात येतो कधी? बरोबर एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते. ही पद्धत क्षारांचा विचार करून पडली असा माझा दावा नाही. पण वेळ अगदी चपखल बसते खरी.

काळा माठ की लाल माठ हा वाद मात्र मी सोडून देते. काळा रंग भट्टीत धूर कोंडून आणतात. फरक पडतो तो छिद्रांनी आणि जाडीने, रंगाने नाही, निदान सावलीत ठेवला असेल तर. (हे वाक्य वाचून माझी रूममेट भांडायला येणार आहे.)

असो. पाणी झालं. पण अन्नाचं काय? इथे गोष्ट जास्त मजेशीर होते.

जुन्या घरात थंडावा दोन वेगळ्या प्रकारांनी मिळायचा आणि त्या दोन्हींच्या जागा वेगळ्या होत्या. माठ आणि रांजण ओसरीवर किंवा परसदारी, घडवंचीवर, जिथून वारा वाहतो तिथे. अंगाभोवती ओलं गोणपाट, बुडाखाली ओली वाळू. दूध, दही, लोणी मात्र माजघरात, घराच्या मधल्या अंधाऱ्या खोलीत, जिथे वारा नाही आणि ऊन तर नाहीच. मला वाटायचं, सगळंच वाऱ्यावर का ठेवत नसतील? कारण वारा फक्त ओल्या वस्तूला थंड करतो. कोरड्या पितळेच्या पातेल्याला ४४ अंशांचा वारा लागला तर ते तापणारच! त्याला हवी बंद खोली.

आणि ती खोली थंड राहायची ती धाब्यामुळे. खान्देशातली जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. पाऊस कमी, त्यामुळे सपाट मातीचं छत चालून जातं. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवीन माती टाकून चोपायची. अशा भिंतीतून उष्णता आत यायला इतका वेळ लागतो की दुपारी दोनचं ऊन माजघरात पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तोवर माणसं धाब्यावर झोपायला गेलेली! पहाटे दारं उघडायची, गार हवा आत घ्यायची, आणि नऊ-दहाला सगळं बंद. आपलं हॉस्टेल याच्या बरोबर उलट आहे. पातळ सिमेंटचा स्लॅब दुपारचं ऊन संध्याकाळी आठलाच आत सोडतो. टॉप फ्लोअरवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, त्यांचं यावर प्रॅक्टिकल रोज होतं.

माजघरात छताला शिंकं टांगलेलं असायचं. दोरीच्या जाळीत एकावर एक भांडी. त्याचा मुख्य उपयोग मांजर आणि मुंग्यांपासून बचाव, हे खरंच. पण भांडं चुलीपासून आणि जमिनीच्या धगीपासून लांब राहतं, हाही फायदा. ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडे जाळीच्या दाराचं दुभत्याचं कपाट असे, चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे. दुपारी आंबे बादलीभर पाण्यात टाकायचे. टरबूज पोहऱ्यात घालून विहिरीत सोडायचं. विहिरीचं पाणी मे महिन्यातही साधारण वर्षाच्या सरासरी तापमानाइतकंच असतं, म्हणजे आपल्याकडे २६-२७ अंश. एसी लायब्ररीत बसल्यासारखं टरबूज तिथे निवांत गार होत असणार.

पण थांबा. २५-२७ अंशांवर अन्न टिकतं का? आजकाल ‘मातीचा फ्रिज घ्या, विजेचा फ्रिज विसरा’ असं कौतुकाने सांगणारे पुष्कळ भेटतात. म्हणून इथे थोडं स्पष्ट बोलते. आपला फ्रिज ४ अंशांवर चालतो. ५ ते ६० अंश हा टप्पा जंतूंच्या वाढीचा म्हणून धोक्याचा मानला जातो, आणि माठाचे २५ अंश त्या टप्प्याच्या आतच येतात. अनुकूल तापमानात काही जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशोबापुरतं धरू की उन्हाळ्याच्या उष्ण खोलीत दुप्पट व्हायला वीस मिनिटं लागतात आणि २५ अंशांवर एक तास. आठ तासांत पहिल्या ठिकाणी चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे एका जंतूचे १ कोटी ६७ लाख! दुसऱ्या ठिकाणी आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६. फरक प्रचंड आहे. पण २५६ म्हणजे शून्य नव्हे, आणि अजून सोळा तास गेले की तेही त्याच कोटींवर पोचतात. म्हणजे माठाचा गारवा अन्न ‘टिकवत’ नाही, तो काही तास मिळवून देतो.

आजीला हे आकडे माहीत नव्हते, पण तिचं सगळं स्वयंपाकघर याच हिशोबावर चालत होतं. तिच्याकडे दूध कधी दिवसभर ‘दूध’ म्हणून राहायचंच नाही. सकाळी काढलेलं दूध गोवरीच्या मंद विस्तवावर तापत ठेवायचं, तासन् तास. म्हणजे ते गार ठेवायच्या ऐवजी उलट गरमच ठेवायचं, धोक्याच्या टप्प्याच्या वर! रात्री त्याला विरजण लावायचं. दह्यातलं आम्ल बहुतेक वाईट जंतूंना वाढू देत नाही, म्हणजे एक दिवस मिळाला. सकाळी रवीने घुसळून ताक आणि लोणी. लोणी पाण्यात बुडवून माजघरात, अजून थोडे दिवस. आणि आठवड्याला लोणी कढवून तूप. तुपात पाणी जवळजवळ उरतच नाही, आणि पाणी नाही तर जंतूही नाहीत. तूप महिनोन् महिने टिकणार. तास, दिवस, आठवडा, महिने अशा पायऱ्या चढत एकच दूध पुढे जातं. माठाचा आणि माजघराचा गारवा लागतो तो फक्त एका पायरीवरून दुसरीवर जाईपर्यंत.

भाकरी दोन वेळा ताजी. उरली तर सकाळी ताकाबरोबर. प्रवासाला निघायचं तर दशम्या, पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाच्या, कारण त्या साध्या पोळीपेक्षा जास्त टिकतात आणि मऊ राहतात. भाजी रोजची रोज. ‘उरलेलं फ्रिजमध्ये टाक’ हे वाक्यच त्या घरात शक्य नव्हतं, त्यामुळे उरेल इतकं शिजवतच नसत.

आणि जुलै? माठ बंद पडतो, हवा दमट, दूध लवकर नासतं, भाजी मिळत नाही. त्याची सोय एप्रिल-मेमध्येच झालेली असायची. आपल्याकडचे बिबडे, कुरडया, शेवया, वडे, पापड, आमचूर... सगळं त्याच कोरड्या उन्हात वाळवलेलं. ज्या हवेने माठ थंड केला, त्याच हवेने गच्चीवर कुरडयांतलं पाणी शोषून घेतलं. तिथेही काम तेच, पाणी उडवायचं. फक्त एकीकडे उडणाऱ्या पाण्यामागे राहिलेला गारवा घ्यायचा आणि दुसरीकडे पाणी गेल्यावर राहिलेला कोरडा पदार्थ. मला ही कल्पना सॉलिड आवडली. मे महिना जुलैचा स्वयंपाक करून ठेवायचा.

राजे-महाराजांचं वेगळं होतं. जुन्या खान्देशची राजधानी बऱ्हाणपूर, आज ती मध्य प्रदेशात आहे, पण रावेरहून अगदी जवळ. मुघलांच्या काळात तिथे मोठा लवाजमा असायचा. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त सोऱ्याने पाणी थंड करायची पद्धत दिलेली आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, त्या गार पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवायची. पुढे इंग्रजांच्या काळात तर अमेरिकेतल्या बॉस्टनहून तळ्यांचा बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने यायचा! १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचं जहाज असा बर्फ घेऊन कलकत्त्याला पोचलं, आणि नंतर मुंबईलाही बर्फ येऊ लागला. आपण एसीला ‘दीड टनाचा’ म्हणतो तो ‘टन’ याच बर्फाच्या दिवसांतला आहे. एक टन बर्फ, म्हणजे २००० पौंड, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खेचतो तेवढी, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. व्हायव्हामध्ये हा प्रश्न हमखास येतो, लिहून ठेवा. शिंदखेड्यापर्यंत मात्र यातलं काही पोचलेलं नव्हतं.

माठाच्या तत्त्वावर नंतर चांगली कामं झाली आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे पुसामध्ये, रॉय आणि खुर्डिया या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात विटांची एक टाकी बनवली. दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू, आणि वाळूवर रोज पाणी. वर गवताचं झाकण. अशा टाकीत साधारण शंभर किलो भाजी-फळं ठेवता येतात. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा यांनी माठात माठ घालून मध्ये ओली वाळू भरली, त्यासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. आणि गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी २००१ च्या भूकंपानंतर मातीच्या फ्रिजवर काम करून ‘मिट्टीकूल’ बाजारात आणला. आपल्या भरताच्या वांग्यांना यातलं काहीही चालेल. केळीला तर उलट फ्रिजचीच भीती. १३ अंशांच्या खाली साल काळी पडते. जळगावच्या माणसाने फ्रिजमध्ये केळी ठेवणं म्हणजे स्वतःच्या जिल्ह्याचा अपमान आहे.

पुसाच्या त्या टाकीचं नाव ‘झिरो एनर्जी कूल चेंबर’. मी हे नाव आजीला सांगितलं. झिरो एनर्जी म्हणजे काय, तर ज्याला वीज लागत नाही. ती म्हणाली, मग पाणी कोण टाकतं?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या घरी शंभर लिटरचा रांजण होता आणि दोन माठ. विहीर गावाबाहेर. रोज सकाळी चार-पाच फेऱ्या, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. उन्हाळ्यात रांजणातलं पाणी फक्त पिऊन संपायचं नाही, उडूनही जायचं, कारण उडाल्याशिवाय गार होणारच नाही. म्हणजे घराला गारवा हवा असेल तर एकीने तेवढं पाणी जास्त वाहून आणायचं. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली तेव्हा त्या घरात रांजणाला गोणपाट गुंडाळणं बंद झालं होतं. उडवायला पाणीच नव्हतं. ज्या वर्षी सगळ्यात जास्त तापलं, त्याच वर्षी पाणी कोमट प्यायले.

मी इंजिनिअरिंगच्या सवयीने हिशोब मांडला. विहीर वीस मीटर खोल, पाणी शंभर लिटर, एमजीएच काढलं तर १९.६ किलोज्यूल. एका ग्लुकोज बिस्किटात याहून जास्त ऊर्जा असते! कागदावर आजीचं रोजचं काम एका बिस्किटाचंही नाही. कारण सपाट रस्त्यावर डोक्यावर हंडा घेऊन चालण्याचं काम भौतिकशास्त्रात शून्य धरतात, आणि परत येतानाचं रिकामं चालणं, पोहरा ओढताना सोललेले तळवे, पहाटे चारला उठणं, हे कुठल्याच फॉर्म्युल्यात नाही. तिला मी तो कागद दाखवला तेव्हा ती इतकी हसली की चहा सांडला.

आमच्या गावच्या घरी फ्रिज १९९४ साली आला. भारतात तयार झालेला गोदरेजचा पहिला फ्रिज १९५८ चा, म्हणजे आमच्यापर्यंत पोचायला त्याला ३६ वर्षं लागली. बाबा सांगतात की आजोबांना तो चैन वाटत होता आणि पैसे आजीने ताक-तुपाच्या विक्रीतून बाजूला काढलेले होते. त्यानंतरही वर्षानुवर्षं लोडशेडिंगमुळे तो दिवसातले कित्येक तास नुसतं कपाट असायचा. दूध मग पुन्हा गोवरीवर. म्हणजे जुनी पद्धत कुणी हौसेने जपली नव्हती, विजेने ती सोडूच दिली नाही.

आज आजीच्या घरी दोन्ही आहेत. दूध, भिजवलेलं पीठ, चार दिवसांची भाजी, डोळ्यांचे ड्रॉप्स फ्रिजमध्ये. पिण्याचं पाणी ओसरीवरच्या माठात. "फ्रिजनं पानी दातले लागस," म्हणते. फ्रिज काढून टाकू का, असं मी मुद्दाम विचारलं तर म्हणाली, आधी तू महिनाभर विहिरीवर जाऊन दाखव. आता विहीरही नाही तिथे, नळ आहे, आठवड्यातून दोनदा येणारा!

हॉस्टेलवाल्यांसाठी थोडं कामाचं. माठ खिडकीत ठेवा, पण उन्हात नाही. बंद रूमच्या कोपऱ्यात ठेवला तर त्याच्याभोवतीची हवा दमट होते आणि तो थांबतो. कूलरच्या हवेत तर अजिबात ठेवू नका, कूलरने ती हवा आधीच ओली केलेली असते (मी ज्युनिअर्सना सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट). बाहेरून सुती ओलं फडकं गुंडाळा, त्याचं एक टोक पाण्याच्या ताटलीत सोडा. आतून नारळाच्या काथ्याने घासा. साबण नको, तो छिद्रांत जाऊन बसतो. दुधाची पिशवी आणली की लगेच उकळा, आणि मग माठाशेजारी ओल्या फडक्यात भांडं ठेवा, संध्याकाळच्या चहापर्यंत मेमध्ये ते बहुतेक निभावतं. रात्रीपर्यंत नाही. उरलं तर विरजण लावा, सकाळी दही मिळेल.

भाताच्या बाबतीत मात्र कसलाही प्रयोग नको. भातात एक जंतू असतो, बॅसिलस सीरियस नावाचा, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रूममध्ये पडून राहिला की ते उगवतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रीची बिर्याणी सकाळी इंडक्शनवर गरम करून खाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. माठाशेजारी ठेवली होती वगैरे कारणं त्याला समजत नाहीत.

मृग लागून दोन-चार चांगले पाऊस झाले की माठ रिकामा करायचा, काथ्याने घासून दोन दिवस उन्हात वाळवायचा आणि माळ्यावर पालथा घालून ठेवायचा. आजी त्याला जुन्या साडीत गुंडाळते. आमच्या हॉस्टेलमध्ये माळा नाही, त्यामुळे तो जुलै ते मार्च माझ्या कॉटखाली असतो, ड्रॉइंग बोर्डच्या मागे.